काळा, काळी, कायी: आमच्याकडे सारखे विचारले जाणारे प्रश्न

बँकेत बदलून आलेले साहेब, शाळेवर नव्यानं लागलेल्या मॅडम, पुण्याकडून लग्न होऊन आलेल्या सुना, या सगळ्यांची आमच्या भागात एका शब्दावर हमखास गाडी अडते. शब्द साधा आहे, काळा. शाळेत रंग म्हणून शिकलेला असतो आणि इथं आल्यावर तो जमीन होतो, गाडी होतो, रोग होतो, शिवी होतो, मधातच लाडाचा पण होतो. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच लिहून टाकतो. यात वऱ्हाडातलं जास्त आहे, झाडीपट्टीतलं थोडं.

"सोयाबीन कायं पडलं" म्हणतात, ते काय पडलं?

काहीच खाली पडलं नाही. वऱ्हाडी बोलण्यात ळ चा य होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, जवळ म्हणजे जवय आणि काळा म्हणजे काया. त्यामुळं काळं पडलं हे कायं पडलं असं ऐकू येते आणि फोनवर समोरचा बाहेरचा असला की तो विचारतो, काय पडलं, हा म्हणतो कायं पडलं, तो परत विचारतो अहो पण काय, आणि असं बॅलन्स संपेपर्यंत चालू राहते. झाडीपट्टीत, म्हणजे भंडारा-गोंदियाकडे, ळ चा र होतो, तिथं कारा, डोरा. लिहिताना सगळेच काळा लिहितात, बोलताना ज्याचं त्याचं.

शेतकरी भाऊ म्हणतो "काळीत गेलो होतो", तो कुठं जाते?

शेतात. काळी म्हणजे जमीन, पिकाची जमीन. जुन्या मराठीत गावाचे दोनच भाग, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे गावाच्या भोवतालची वाहीत शेतं आणि पांढरी म्हणजे जिथं घरं आहेत ती जागा, ज्याला आता आपण सरकारी भाषेत गावठाण म्हणतो. काळीचा कागद तलाठ्याकडे, सातबारा. पांढरीचा कागद ग्रामपंचायतीत, नमुना ८. नवीन ग्रामसेवकाला एखाद्या म्हाताऱ्या आजोबानं "माह्यं काळीतलं काम नाई बापा, पांढरीतलं हाय" असं म्हटलं तर त्यानं घराच्या टॅक्सचं रजिस्टर काढायचं, इतकंच.

पांढरी पांढरी काहून, तर पिढ्यानपिढ्या मातीची घरं बांधली, पडली, त्याच जागेवर परत बांधली, चुलीची राख पडली, शेण पडलं, चुना मिसळला, तशी ती जागा उंच होत गेली आणि माती फिकट. जुनी उठून गेलेली गावं अशीच टेकाडावरून ओळखू येतात. त्यातली माती लोक पूर्वी गाडीनं भरून शेतात टाकायचे, खत म्हणून. आपल्याच खापरपणज्याच्या घराची भिंत आपल्याच कपाशीला. मला ही गोष्ट भारी वाटते, कोणाला नसेल वाटत तर नसो.

माती जितकी काळी तितकी कसदार, असंच ना?

नाही ना भाऊ. हा गैरसमज फार आहे आणि जमीन घेताना लोक यात फसतात. आमच्या पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतली काळी ही बेसाल्ट खडकापासून झालेली आहे, जवळपास ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा पसरला त्याचा हा खडक. झिजून झिजून त्याची चिकणमाती झाली. तिचा रंग काळा असतो तो खडकातून आलेल्या लोह-टायटॅनियमच्या खनिजांमुळं आणि चिकणमातीला घट्ट चिकटून बसलेल्या थोड्याशा सेंद्रिय पदार्थामुळं. लोकांना वाटते काळी म्हणजे कुजलेलं खत भरपूर. उलट नत्र आणि सेंद्रिय कर्ब या मातीत कमीच असतात, चुना जास्त असतो. तिचा खरा गुण आहे पाणी धरून ठेवायचा, म्हणून तर पावसाळा संपल्यावर नुसत्या ओलीवर हरभरा निघते.

अवगुण पण तोच आहे. पाणी पिली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात भारी काळीत इतक्या रुंद भेगा पडतात की अख्खा हात आत जाते, चप्पल अडकते, एखाद्याच्या हातून मोबाईल पण गेला आहे आत. आणि जुलैत झड लागली की पाऊल टाकलं की रुतलं, उचललं की किलोभर चिखल सोबत. वाफसा आल्याशिवाय त्यात ना डवरा चालत ना ट्रॅक्टर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याकडे, जमीन दिसायला एक नंबर काळीभोर असते पण खालचं पाणी खारं, विहीर खोदून फायदा नाही. म्हणून रंग पाहून सौदा करू नका, माती परीक्षण करा. नागपूरला तर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षणाचं मुख्य ऑफिसच आहे, आणि आपण मात्र चिमूटभर माती बोटात चोळून लाखाचा व्यवहार करतो.

पूर्वेकडे खडक वेगळा, माती वेगळी, धानाची. तिथं भारी काळ्या जमिनीला कन्हार म्हणतात, मग त्याहून हलकी मोरांड, मग सिहार, मग बरड. कन्हार म्हटलं की ती काळीच, वेगळं सांगावं लागत नाही.

मग काळीत घर बांधायला लोक नाही का म्हणतात?

याच फुगण्या-आकसण्यामुळं. पायवा मुरमापर्यंत नाही नेला किंवा खालची काळी काढून मुरूम नाही भरला तर दोन पावसाळ्यात भिंतीला तिरपी चीर. जुन्या लोकांनी उंच कडक जागा पाहून पांढरी बसवली ती उगाच नाही. आता लेआऊट पडतात ते सगळे काळीतच पडतात, आणि प्लॉट विकणारा हे सांगत नसते.

काळाभोर, काळाकुट्ट, काळाकुळकुळीत, सगळं एकच आहे का? कोणतं कुठं लावायचं?

एकच असतं तर इतके शब्द कशाला झाले असते. काळाभोर हा कौतुकाचा आहे. केस काळेभोर, डोळे काळेभोर, बैलाची शेपटी काळीभोर, पाऊस पडून गेल्यावर नांगरलेलं रान काळंभोर. कुणाला वाईट म्हणायचं असेल तर काळाभोर वापरताच येत नाही. काळाकुट्ट म्हणजे भीती वाटेल असा, अंधार काळाकुट्ट, ढग काळेकुट्ट. आता इथं गंमत आहे, जूनमध्ये पेरणी करून बसलेल्या माणसाला काळंकुट्ट आभाळ दिसलं की तो खुश, आणि नोव्हेंबरात कापूस झाडावर फुटलेला असताना तेच आभाळ दिसलं की त्याचं तोंड उतरते.

काळाकुळकुळीत म्हणजे चमक असलेला. तेल लावलेली वगार (म्हशीची तरणी पारडी), नवी कढई. काळाठिक्कर म्हणजे भाजून, करपून झालेला. तव्यावर विसरलेली भाकर काळीठिक्कर होते, आणि एप्रिलमध्ये वीटभट्टीवर काम करणारा माणूस पण काळाठिक्कर पडते. काळाकभिन्न खडक असते, किंवा गोष्टीतला राक्षस. काळानिळा मार लागल्यावर, श्वास कोंडल्यावर, साप चावल्यावर, हा शब्द ऐकला की आधी गाडी काढायची आणि मग बाकीचं विचारायचं. काळपट आणि काळसर हे अर्धवट, दुकानात साडी पाहताना कामाचे. काळवंडणं हे चांदीचं, तांब्याचं आणि माणसाच्या चेहऱ्याचं.

माल काळा पडला म्हणजे नेमकं नुकसान किती समजायचं?

हे कुठल्या पिकावर पाऊस कधी आला यावर आहे. ज्वारीचं कणीस भरल्यावर पाऊस लागून राहिला की दाण्यावर बुरशी चढते, तीच काळी ज्वारी. सोयाबीन सोंगून गंजी मारली आणि वरून पाणी आलं, ताडपत्री कमी पडली, की खालच्या थरातल्या शेंगा काळ्या. कपाशीची बोंडं खालून सडून काळी होतात, त्यातून निघते ती कवडी, म्हणजे खराब कापूस.

यार्डात हे कसं चालते ते एकदा उभं राहून पाहा. व्यापारी पोत्यात हात घालते तो वरून नाही, कोपरापर्यंत खोल. मूठ बाहेर काढते, तळहातावर पसरवते, फुंकर मारते, चार दाणे बोटानं बाजूला करते, दोन दातात धरून फोडते, आणि मग मान न उचलता म्हणते, "काया डाग हाय." एवढ्या तीन शब्दांत भाव खाली येते. दाणे पाहिले तर शंभरात पाच-सातच डागी असतील पण बोली सगळ्या पोत्याची खाली जाते. सरकारी खरेदीत तर एफएक्यू माल पाहिजे म्हणतात. या पानाला पण लोक एफएक्यू म्हणतील, तो वेगळा, तिकडचा म्हणजे सर्वसाधारण बऱ्या दर्जाचा माल, आणि सोयाबीनला ओलावा १२ टक्क्यांच्या आत. यावर उपाय एकच, डागी माल वेगळा करून वेगळा विका. मिसळून खपवायला गेलं तर चांगल्या मालाचा भाव पण डागीच्या भावात जाते.

काळा बाजार, काळा पैसा, काळी यादी, हे तुमच्याकडे बोलतात का?

पेपरात वाचतात. बोलताना खत "ब्लॅकनं" घेतलं म्हणतात, पैसा "दोन नंबरचा" म्हणतात, आणि ठेकेदाराला "ब्लॅकलिस्ट केला". गावाची स्वतःची काळी म्हणजे पोट भरणारी जमीन, आणि ही काळ्या बाजारातली काळी बहुतेक पेपर आणि कचेरीच्या रस्त्यानं आली, म्हणून ती तोंडात बसली नाही असं मला वाटते.

ब्लॅकचा विषय निघालाच आहे तर कामाचं सांगतो. युरियाची ४५ किलोची बॅग सरकारनं ठरवलेल्या २६६ रुपये ५० पैशालाच मिळाली पाहिजे. जास्त मागितले, किंवा युरियासोबत नको असलेली दुसरी बाटली गळ्यात मारली, ज्याला लिंकिंग म्हणतात, तर पक्कं बिल मागा. बिल नाही म्हटलं तर पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. खतं अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ मध्ये येतात, ही दुकानदाराची मर्जी नाही. मलाही एका दुकानात "बिलाचं काय करतं" असं उलटं विचारलं होतं, पण चार जणं सोबत असले की बिल निघते.

काळा पैसा हा शब्द मात्र ८ नोव्हेंबर २०१६ ला गावागावात एका रात्रीत पोचला. पाचशे-हजारच्या नोटा बंद, आणि तो सगळा कापूस वेचायचा आणि विकायचा टाइम. वेचणाऱ्या बायांना रोज रोख चुकारा लागते, तो कुठून द्यायचा. पांढरं सोनं घरात पडून आणि चर्चा काळ्या पैशाची.

काळीपिवळी कुठून मिळंल?

फाट्यावरून. ही जीप आहे, आता सुमो, ट्रॅक्स, काही मिळेल ते. एसटीची लालपरी चुकली की काळीपिवळी. ती वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते, आणि भरली हे ड्रायव्हर ठरवते. पुढं चार, मधात पाच, मागं सहा-सात, वर गाठोडं आणि कोंबड्या, आणि ड्रायव्हर स्वतः अर्धा दरवाज्याबाहेर. आता पुष्कळ गाड्या पांढऱ्या आहेत, त्यांना पण काळीपिवळीच म्हणतात.

नागपूरची काळी आणि पिवळी, ती पण जीपच?

नाही हो, ती मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात दोन मोठे पुतळे निघतात, एक काळी मारबत, एक पिवळी मारबत, १८८० च्या दशकापासूनची ही परंपरा. काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातल्या, इंग्रजांना मिळालेल्या बांकाबाईचं प्रतीक असं सांगतात. सोबत बडगे, म्हणजे पुरुषाचे पुतळे असतात, त्यावर त्या त्या वर्षीच्या राग आलेल्या गोष्टी लिहिलेल्या, महागाईपासून तर रस्त्यावरच्या खड्ड्यापर्यंत. शेवटी जाळायची. खेड्यात एवढा थाट नसते, पण पोरं सकाळी सकाळी ओरडत शिवारापर्यंत जातात, खोकला, खरूज, माशा, मच्छर "घेऊन जा गे मारबत". कोणत्या साथीचं नाव घ्यायचं हे पोरंच ठरवतात, त्यांना पेपर वाचावा लागत नाही.

तोंड काळं कर आणि तोंडाला काळं फासलं यात फरक काय?

पहिलं म्हणजे निघून जा, पुन्हा दिसू नको. दुसरं म्हणजे भर चौकात बेअब्रू, खरोखरची शाई लावून किंवा नुसतं बोलण्यात. तिसरं एक आहे, "तोंड काळं केलं", ते लफड्याबद्दल म्हणतात आणि बहुतेक वेळा बाईलाच म्हणतात, पुरुषाचं तोंड यात कधी काळं होत नाही हे पाहून ठेवा. शब्द वापरणाराचं मन दिसते त्यात. "कोळसा उगाळावा तितका काळाच" ही म्हण अशा वेळी कामी येते, प्रकरण जितकं उकराल तितकं घाण निघंल, सोडा आता.

काळं अशुभ असते ना, मग मंगळसूत्रात काळे मणी कसे?

अशुभ-शुभ असं सरळ नाही आहे ते. लग्नाच्या मांडवात काळी साडी नेसून गेलं तर मावशी-आत्याबाई बोलणार, हे नक्की. पण नवरीच्या गळ्यात जे पडते ते काळ्या मण्यांचंच. बाळाला काजळाची तीट, कमरेला काळा करदोडा, घरावर काळी बाहुली, ट्रकला काळी चप्पल, शेतात उलटं काळं मडकं आणि त्यावर चुन्याचे डोळे. हे सगळं नजर लागू नये म्हणून, म्हणजे लोकांच्या हिशेबात काळं हे वाईटाला अडवणारं पण आहे.

संक्रांतीला तर मुद्दाम काळं. नव्या सुनेला काळी साडी, हलव्याचे दागिने, मग वाण लुटायला निघायचं. जानेवारीची थंडी आणि काळं कापड ऊन धरते, असं कारण देतात, ते पटण्यासारखं आहे. बाकीच्या सणाला काळं नेसायचं असेल तर नेसा, आजकाल कोणी फारसं बोलत नाही, सासूबाईंना आधी विचारून घ्या म्हणजे झालं.

पोरीच्या बायोडाटात रंग काय लिहायचा?

लिहू नका. फोटो लावलाच आहे ना. लोक "गव्हाळ" लिहितात, "निमगोरा" लिहितात, "सावळी" लिहितात, काळी कोणी लिहीत नाही, जशी काही ती काही चोरी आहे. उन्हात निंदण करणाऱ्या बायांच्या भागात गोरी सून शोधत फिरायचं म्हणजे कमाल आहे. आणि पुन्हा हेच लोक एकादशीला विठोबाच्या पायावर डोकं ठेवणार, जो स्वतः काळा. रुक्मिणी आमच्याच विदर्भातली, अमरावती जिल्ह्यातलं वर्धेकाठचं कौंडिण्यपूर तिचं माहेर. आमची पोरगी काळ्याच्या घरी गेली आणि अजून तिच्या माहेराहून पालखी जाते पंढरपूरला. सोयरीक मोडली नाही रंगावरून.

अवकाळी, दुष्काळ, काळीज, यात पण काळा आहे का?

अवकाळी आणि दुष्काळातला काळ हा वेळेचा, रंगाचा नाही. "काळ आला होता पण वेळ आली नव्हती" यातला काळ म्हणजे मरण. काळीज हे कलेजाचं भावंड.

सप्ताहाच्या शेवटी "काल्याचं कीर्तन" असते ते पण वेगळं, तिथं ल आहे. काला म्हणजे दही, लाह्या, जे असेल ते एकत्र कालवलेलं. नवीन मॅडमनी काळे कपडे घालून जायचं का असं विचारलं होतं म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

काळवीट?

हो, तो रंगावरूनच. नर मोठा झाला की पाठीनं काळा होते, मादी पिवळसर राहते. वाशिम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य खास त्याच्यासाठी आहे. हरभरा खाऊन जाते हे खरं, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत आहे, तेव्हा फासे-बिसे लावायच्या भानगडीत पडू नका. नुकसानीचा अर्ज वन खात्याकडे वेळेत करा, फोटोसकट.

काळं सोनं आणि पांढरं सोनं?

पांढरं म्हणजे कापूस, काळं म्हणजे दगडी कोळसा. वणी, घुग्घुस, चंद्रपूर या पट्ट्यात दोन्ही एकाच रस्त्यावर दिसतात, कापसाची गाडी आणि कोळशाचा ट्रक, आणि रस्त्याकडेच्या शेतातला पांढरा कापूस कोळशाच्या धुळीनं करडा झालेला. त्याला भाव कोणत्या सोन्याचा द्यायचा ते विचारू नका.

गडचिरोलीला बदली झाली की "काळ्या पाण्याची शिक्षा" का म्हणतात?

खरं काळं पाणी म्हणजे अंदमान, तिथला सेल्युलर जेल १९०६ मध्ये बांधून झाला. कर्मचारी लोकांनी तो शब्द उचलून गडचिरोलीला चिकटवला. तिथं राहणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटत असंल याचा विचार करा, त्याला तर बदली पण मिळत नाही. नका म्हणू.

काळा रस्सा जास्त तिखट असते का?

रंगाचा आणि तिखटाचा संबंध नाही. खोबरं, कांदा, खडा मसाला चांगला खरपूस भाजला की वाटण काळपट होते. सावजी रस्सा नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातून आला, तो तिखट असते ते मिरचीमुळं. वर तर्री लाल आणि खाली काळं, असं दिसलं तर बरोबर जमलं. काळा चहा म्हणजे बिनदुधाचा, पाहुणा आला आणि दूध फाटलं तर तोच.

मतदानाची काळी शाई किती दिवस राहते, आणि बिब्याचा डाग?

शाई लावताना जांभळी असते, त्यात सिल्व्हर नायट्रेट असते ते उजेडात काळं पडते. कातडीवरचा डाग काही दिवसात फिका होते, नखावरचा नख वाढेपर्यंत. १९६२ च्या निवडणुकीपासून ही वापरतात, म्हैसूरला बनते.

बिब्याचा डाग कपड्यावर पडला तर गेला तो कपडा, परीट लोक पूर्वी त्यानंच कपड्यावर खूण करायचे, कितीही धुतली तरी जात नव्हती. लिंबू-मिरचीसोबत दाराला बांधतात तोच हा बिबा. पोरांच्या हाती देऊ नका, त्याचं तेल अंगाला लागलं की फोड येतात आणि ती जागा महिनोन् महिने काळी राहते. गोडंबी काढायची असली तर आधी हाताला खोबरेल तेल चोळून घ्या आणि काम होईपर्यंत तोंडाला, डोळ्याला हात लावू नका.